स्लॅबला भोक पाडायचं नाही

आम्हाला नगरमध्ये घर मिळालं ते माझ्या दोन बोटांमुळे.

त्याआधी सहा घरं बघून झाली होती. एका ठिकाणी जात विचारली. दुसऱ्या ठिकाणी जात विचारली नाही, पण आडनाव तीनदा विचारलं. तिसऱ्या ठिकाणी मटण खाता का, चौथ्या ठिकाणी गावाकडून पाहुणे किती येतात, आणि पाचव्या ठिकाणच्या बाई माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "बाळंतपण माहेरीच ना?" सहाव्या घराला खिडकीच नव्हती. मला सातवा महिना लागलेला. दिवसभर दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासायची आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन घरं बघत हिंडायचं. नवरा ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. आठवड्यातले पाच दिवस तो श्रीगोंदा, कर्जत, पार जामखेडपर्यंत फिरतीवर. त्यामुळे घराची गरज त्याला शनिवार-रविवारीच वाटायची.

सातवं घर केडगावात होतं. दुमजली. खाली पुढच्या बाजूला मालक आणि त्यांची बायको, मागे एक बिऱ्हाड, वर दोन. मालक साठी ओलांडलेले, काटकुळे, अंगात बंडी, कानाच्या पाळीवर पेन्सिल. त्यांनी ना जात विचारली ना आडनाव. आम्हाला थेट वरच्या मोरीत नेलं, चालू नळाकडे बोट दाखवलं आणि नवऱ्याला म्हणाले, "बंद करा."

नवरा कर्जतकडचा. शेतातले व्हॉल्व्ह फिरवून हात तयार झालेला. त्याने नळ असा पिळला की मोरीत करकर आवाज झाला. मालकांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी त्यांचीच मान पिळत असावं असा चेहरा.

"राहू द्या, पैलवान," ते म्हणाले. "तुम्हाला नाही देता येणार घर."

"का?"

"वायसर गेला. सहा महिने टिकला असता तो. तुम्ही दोन महिन्यांवर आणला."

मला रडायला येत होतं. उभं राहवत नव्हतं. मी पुढे झाले, नळ पुन्हा सोडला आणि दोन बोटांनी, धार थांबेल इतपतच, बंद केला. त्यात काही शहाणपण नव्हतं. माझ्या अंगात त्याहून जास्त जोरच शिल्लक नव्हता. मालक उकिडवे बसले आणि नळाच्या तोंडाकडे चांगलं मिनिटभर बघत राहिले. थेंब पडला नाही.

"ताई," ते उठत म्हणाले, "करार तुमच्या नावावर करू."

आणि केला. नवऱ्याचं नाव करारात 'सोबत राहणारी व्यक्ती' असं लागलं. हे दुःख तो अजून लग्नकार्यांत लोकांना सांगतो.

करार अकरा महिन्यांचा, दोन पानी, सगळीकडे असतो तसा. पण त्याला मालकांच्या अक्षरातली नऊ पानांची पुरवणी जोडलेली होती. तिचं मथळ्याचं वाक्य असं: 'भिंतीला खिळा व स्लॅबला भोक कोणत्याही कारणासाठी पाडायचं नाही. कारण सांगायचंही नाही.' खाली बारीकसारीक. पोळपाट भिंतीला टेकवू नये. ओली छत्री दाराच्या कडीला अडकवू नये. वरवंटा फरशीवर ठेवताना आधी फडकं, मग वरवंटा. हळदीकुंकू करण्यास हरकत नाही, मात्र हळद सांडल्यास बायका घरी जाण्याची वाट न पाहता पुसावी. मांसाहाराबद्दल एकच कलम होतं. ते त्यांनी मला तोंडीही समजावलं.

"मटण करा, मासे करा, माझं काही म्हणणं नाही. रस्सा गार झाल्यावर वरची तर्री बेसिनमध्ये ओतायची नाही. पेपरला पुसायची, पेपर कचऱ्यात. पाइपला धर्म नसतो ताई, चरबी कुणाचीही असली तरी तो तुंबतो."

सहा घरं फिरून आलेल्या मला हे फार उदात्त वाटलं. अजूनही वाटतं.

शहराचं नाव बदललं तेव्हा मालकांनी तिन्ही करार परत मागवून घेतले, प्रत्येक ठिकाणी 'अहमदनगर' एका रेघेने खोडलं, वर 'अहिल्यानगर' लिहिलं आणि प्रत्येक खोडाखोडीपाशी आमच्या सह्या घेतल्या. तोंडाने मात्र ते नगरच म्हणत राहिले. "कागद चोख पाहिजे," त्यांचं म्हणणं. "तोंडाचं काय, ते आपलंच असतं."

मालकांनी आयुष्यभर कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून काम केलं होतं. गळीत हंगाम सुरू झाला की ते मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकायचे. बेअरिंग मोडायच्या आधी महिनाभर बारीक कुरकुर करतं आणि ती ज्याला ऐकू येते त्याचा कारखाना बंद पडत नाही, असं ते सांगायचे. त्यांच्या पाळीत एकदाही मिल थांबली नव्हती म्हणे. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, स्क्रू ड्रायव्हर मात्र त्यांच्याबरोबर केडगावला आला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता तपासणी. आधी खालून फोन करायचे, "येऊ का?" चपला जिन्यात काढायचे. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. प्रत्येक भिंतीला टोक लावायचे, मुठीवर कान ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दहाएक सेकंदांनी मोबाईलमध्ये बोलायचे, "पूर्वेची भिंत, निरोगी." मग पुढची. "मोरीची भिंत, निरोगी." शेवटी तेच टोक एका बांबूला बांधून छताला. छताला त्यांनी पांढरा ऑइलपेंट दिलेला होता, फोडणीचा धूर बसला तर ओल्या फडक्याने पुसून निघावा म्हणून. "स्लॅब, निरोगी." त्या दिवशी आम्ही घरातले सगळे दवाखान्यात रांगेत बसल्यासारखे भिंतीला न टेकता बसून असायचो.

'अचानक' ह्या शब्दाची त्यांना चीड होती. एकदा मागच्या बिऱ्हाडातले काका सांगायला आले, की बेसिन अचानक तुंबलं. काका कापडाच्या दुकानात नोकरीला, गरीब माणूस. मालकांनी पाइप सोडवला आणि आतून जे जे निघालं ते ओसरीवर पेपर पसरून त्यावर ओळीने मांडलं. चहाची पूड, केसांचा गुंता, चमचा, सुपारी, बाहुलीचा एक पाय, लिंबाच्या फोडी. मग सगळ्या बिऱ्हाडांना हाक मारून बोलावलं.

"हे बघा, अचानक," ते म्हणाले आणि एकेक वस्तूवर पेन्सिल ठेवत गेले. "हे मार्गशीर्षातलं अचानक. हे दिवाळीचं अचानक. अचानक काही होत नसतं. अचानक म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं."

काकांनी चमचा ओळखला आणि मुकाट्याने घेऊन गेले.

मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. त्या हळू आवाजात बोलायच्या आणि मालक त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष करायचे. काकू म्हणायच्या, "अहो, जेवायला चला," आणि हे पेपर वाचत बसलेले. मला वाटायचं, जुना नवरा आहे, दुसरं काय. मी एकदा काकूंना विचारलं, की तुम्हाला घरात घेताना नळ बंद करायला लावला होता का. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "माझं नशीब," म्हणाल्या, "लग्न आधी झालं, घर नंतर बांधलं."

आमच्या बिऱ्हाडाच्या वर गच्ची होती. तिला कुलूप आणि किल्ली मालकांच्या करदोट्याला. उन्हाळ्यात कुरडया घालायला कुणी गच्ची मागितली तर ते म्हणायचे, "पायांनी वॉटरप्रूफिंग जातं." गच्चीवर त्यांचं स्पेअर होतं. घरातली जी जी वस्तू भाडेकरू फोडू शकेल तिची जोडीदार वस्तू त्यांनी आधीच आणून ठेवलेली होती. कमोडची झाकणं, तीन बेसिनं, दोन दारं, फरशीची खोकी, पोत्यांत नळ आणि पाइपांचे जोड, सगळं ताडपत्रीखाली. हे आम्ही ऐकून होतो. बघितलेलं कुणी नव्हतं.

पोरगी झाली तेव्हा मालक आणि काकू दवाखान्यात बघायला आले. काकूंनी झबलं आणलं. मालकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रबराचं कापड दिलं. "गादीखाली घाला," म्हणाले. "फरशीचा सांधा ओल फार ओढतो." तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि निघताना मला विचारलं, "घरी बंद करून आलात ना सगळे नळ?"

पावसाळ्यात माझी रजा संपली आणि पोरगी सांभाळायला गावाहून सासू आली. तिला मी आत्या म्हणते. आत्यांनी आल्या आल्या घरभर नजर फिरवली, मान मागे टाकून छत बघितलं आणि म्हणाल्या, "कडी कुटं हाय?"

"कसली कडी?"

"झोळीची. पोर काय फरशीवर लोळवायचं? छताला कडी न्हाई. ह्ये घर हाय का खोकं?"

पोरगी खरंच झोपत नव्हती. पलंगावर ठेवली की दहा मिनिटांत जागी. आत्या दिवसभर तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायच्या आणि मी लॅबमधून आले की पोरगी माझ्या हातात देऊन धप्पकन बसायच्या. मी खाली जाऊन मालकांना विचारलं. त्यांनी पुरवणीचं पहिलं पान माझ्यापुढे धरलं. पण दोन दिवस खालून वेल्डिंगचा चर्र चर्र आवाज येत राहिला आणि तिसऱ्या दिवशी ते लोखंडी पाइपांचा पाळणा घेऊन वर आले. चारही पायांना टायरचे तुकडे, दांड्याला स्प्रिंगा, वर बोल्ट. फरशीला ओरखडा पडू नये आणि पाळणा आपटू नये म्हणून इतकी काळजी घेतलेली, की तो हलतच नव्हता. आत्यांनी दोन्ही हातांनी ढकलून बघितला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्यो पाळना हाय का कारखान्याचा बॉयलर?"

मालक समाधानाने म्हणाले, "पन्नास वर्षं काही होणार नाही त्याला."

श्रावणात मालक आणि काकू दोन दिवस कोपरगावला लेकीकडे गेले. शनिवारी दुपारी नवरा घरी होता. आत्यांनी त्याला समोर बसवलं. "पोरीचा बाप हायेस का सोबत राहनारी व्यक्ती?" त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांना कुणी शिकवले ते मला माहीत नाही. नवरा उठला, मित्राकडून ड्रिल मशीन घेऊन आला आणि आतल्या खोलीत पलंगावर स्टूल ठेवून चढला. मी दारात उभी होते. मी नको म्हणाले नाही, हे आता सांगून टाकते. मलाही झोप हवी होती.

स्लॅबला भोक पाडायचं म्हणजे हात भरून येतात, डोळ्यांत धूळ जाते, मशीन किंचाळतं. इथे तसलं काही झालं नाही. ऑइलपेंटचा पापुद्रा फुटला आणि ड्रिल शिळ्या भाकरीत जावं तसं सरळ आत गेलं. पांढरी पूड पडण्याऐवजी तांबडा, ओलसर चुरा पडला. नवऱ्याने मशीन मागे घेतलं. भोकातून एक तांबूस थेंब आला, त्याच्या कपाळावर पडला. मग दुसरा.

"पाइप फोडला का रे?" मी विचारलं.

"इथे कुठला पाइप असणार?" तो म्हणाला आणि स्टुलावरून खाली उतरला.

पलंग बाजूला ओढला, पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. आता काय? घर जाणार, हे उघड होतं. पावसात, पाच महिन्यांची पोर आणि सासू घेऊन पुन्हा जात, आडनाव, मटण, पाहुणे. नवऱ्याने कुठेतरी ऐकलं होतं की खिळ्याची भोकं टूथपेस्टने बुजतात. त्याने आख्खी ट्यूब भोकात पिळली. अर्ध्या तासाने टूथपेस्ट पाण्याने सुटून दोऱ्यासारखी खाली लोंबायला लागली आणि तिच्या टोकाने थेंब पडायला लागले. घरात पुदिन्याचा वास सुटला.

रविवारी सकाळी मालक आणि काकू परतले. तो महिन्याचा पहिला रविवार होता. दहा वाजता फोन आला, "येऊ का?"

आत्यांनी पटकन निर्णय घेतला. आतल्या खोलीत, भोकाच्या बरोबर खाली पाट टाकून त्या बसल्या, मांडीत स्टीलचं पातेलं, त्यात थोडे तांदूळ, आणि निवडायला लागल्या. पदर डोक्यावर. थेंब पडायचा तो पातेल्यात. आम्हाला वाटलं तांदळामुळे आवाज होणार नाही. पण थेंब काठावर पडला की टण्ण असा वाजायचा, आणि तो काठावरच पडत होता.

मालक आले. पूर्वेच्या भिंतीला टोक लावलं, मुठीवर कान, डोळे मिटले.

टण्ण.

"निरोगी," मालक मोबाईलमध्ये म्हणाले.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. मालक दुसऱ्या भिंतीपाशी गेले, आत्यांपासून दोन हातांवर. टण्ण. पुन्हा टण्ण. जिन्यात थांबलेल्या काकूंनी दारातून डोकं आत घातलं, आवाज कुठून येतोय ते बघायला. मालकांनी डोळे मिटलेलेच. दहा सेकंद. "निरोगी."

आत्यांचे हात तांदळात थांबले. त्या मालकांकडे बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या.

मालक पुढच्या भिंतीकडे निघाले.

"भाऊ!" जिन्यातून खाली ऐकू जाईल असा आवाज. मालक वळले. आत्यांनी पातेलं उचलून धरलं. टण्ण. "ह्ये ऐकू येतंय का तुमाला?"

"काय?"

"पानी गळतंय. वरनं. भोक आमी पाडलंय. माज्याच सांगन्यावरनं, पोरांना बोलू नका. पर पानी आमी न्हाई आनलं."

नंतर मी त्यांना विचारलं, की ठरलं होतं ते सोडून तुम्ही सांगून का टाकलंत. आत्या म्हणाल्या, "ऐकत्या-बघत्या मानसाला फसवायला काय वाटत न्हाई गं. ज्याला ऐकायलाच येत न्हाई, त्याला कसं फसवायचं?"

मालकांनी वर बघितलं. टूथपेस्टचा दोरा, भोक, ऑइलपेंटवरचा तांबूस ओघळ. आता पुरवणी निघणार, असं मला वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं, चढले, भोकात करंगळी घातली आणि बाहेर काढून बघितली. बोटावर गंज होता. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मातीसारखा झालेला.

"ताई, पोरीला घेऊन खाली आमच्याकडे जा. आत्ता. काही आवरू नका."

काकूंनी पोरगी घेतली आणि खाली गेल्या. मी गेले नाही. मालकांनी बांबू उचलला, स्लॅबला ठोकला, कान दिला. पुन्हा ठोकला. मग बांबू आत्यांपुढे धरला.

"आक्का, तुम्ही ऐका. मी ठोकतो. पोकळ कुठं वाजतं तेवढं सांगा."

बाजारात दहा माठ वाजवून एक घेणाऱ्या आत्या. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, मान एका बाजूला. मालक ठोकत होते आणि त्या सांगत होत्या. "हितं भरीव. हितं भरीव. हितं... न्हाई, थांबा, परत. पोकळ. हितं पोकळ. हितं तर नुसता ढोल." मालक कानावरच्या पेन्सिलीने बांबूच्या टोकाशी खुणा करत गेले. खुणा जोडल्या तर परातीपेक्षा मोठं वर्तुळ झालं. कालपर्यंत त्याच्या बरोबर खाली पलंग होता.

"पैलवान, पलंग होता तिथं सरकवा, फरशीला मार नको. मग बाजूला व्हा सगळे."

नवऱ्याने सरकवला. मालकांनी दारात उभं राहून बांबूचं टोक वर्तुळाच्या कडेला लावलं आणि खांद्याने रेटा दिला. गिलाव्यासकट स्लॅबचा जाड पापुद्रा सुटला आणि पलंगावर आला. पलंगाची फळी मधून मोडली. धूळ खाली बसली तेव्हा वर गंजून फुगलेल्या सळ्या दिसत होत्या, तांबड्या, पापुद्रे सुटलेल्या.

पोरगी शुक्रवारी दुपारी तिथे झोपली होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले. माझ्या वयाला, मालकांच्या वयाला शोभणार नाही असं. शेवटी ओरडले, "दर महिन्याला कान लावून काय ऐकत होता तुम्ही?"

"काही नाही, ताई," मालक म्हणाले. माझे ओठ वाचून त्यांना सगळं कळलेलं होतं. "चार वर्षं झाली. कारखान्यात आयुष्य गेलं, कान तिथंच राहिला. सवयीनं लावतो."

"मग निरोगी कसं म्हणायचात?"

"तुमची तोंडं बघून. भाडेकरूनं काही केलं असलं की त्याच्या तोंडावर दिसतं. तुमची तोंडं साफ असायची." वरच्या सळ्यांकडे बघत म्हणाले, "आज नव्हती. मला वाटलं, खिळा असेल, शेवटी विचारीन."

नवरा म्हणाला, "पण पाणी आलं कुठून?"

त्यावर मालकांनी करदोट्याची किल्ली काढली. मी त्या घरात राहायला आल्यापासून गच्चीचं दार पहिल्यांदा उघडलं. ताडपत्रीखाली त्यांचं स्पेअर होतं, ऐकलं होतं त्याच्या दुप्पट. पोती कुजून फाटलेली, फरशीची खोकी चिखल झालेली, आणि ह्या सगळ्याचा ढीग पाणी जायच्या पाइपच्या तोंडावर बसलेला. मागच्या पावसाळ्यापासून पाणी तिथे साठत होतं, घोट्यापर्यंत. ते सावकाश स्लॅबमध्ये उतरत होतं. खाली ओल दिसली असती, डाग पडला असता, पण छताला ऑइलपेंट होता. पाण्यालाही त्याने बाहेर येऊ दिलं नाही.

मालक धोतराचा सोगा धरून त्या पाण्यात उभे राहिले. एक कमोडचं झाकण त्यांच्या पायापाशी तरंगत होतं. त्यांनी मागे वळून, रोजच्या आवाजात, रोजच्या रागात विचारलं, "हे कुणी केलं?"

काकू पोरीला खांद्यावर घेऊन वर आल्या होत्या. "तुम्ही," त्या म्हणाल्या. नेहमीसारख्याच हळू. पण मालक त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, त्यामुळे पोचलं.

मालक वाकले, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पाइपचं तोंड चाचपलं आणि कुजलेल्या पोत्याचा बोळा उपसून काढला. पाणी भोवरा करत खाली गेलं. ते सगळं जाईपर्यंत मालक तिथून हलले नाहीत.

वरचं काम दीड महिना चाललं. तेवढे दिवस आम्ही मालकांच्याच पुढच्या खोलीत राहिलो. त्यांनीच ठेवून घेतलं, विचारलंसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ड्रिल मशीन मागून घेतलं, खोलीतल्या बीमला भोक पाडलं आणि कडी बसवली. आत्यांनी जुन्या लुगड्याची झोळी बांधली. "बीमला चालतं," मालक मला म्हणाले, मी काही विचारलेलं नसताना. "स्लॅबला नाही." भंगारवाल्याचा टेम्पो तीनदा आला. शेवटची खेप गेली तेव्हा मालक ओसरीवर पाठ करून बसले होते आणि आत्या त्यांना समजावत होत्या, "जाऊ द्या भाऊ. फुटंल तवा आनू की नवं."

दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेलं. तपासणीला यायला ते सहज तयार झाले, यंत्र लावायला होईनात. लोक काय म्हणतील ही अडचण नव्हती. त्यांना भीती होती यंत्राचीच. मशीन लावणाऱ्या पोरीला त्यांनी पाऊण तास धरून ठेवलं. घाम गेला तर काय होतं, पडलं तर काय फुटतं, सुटे भाग मिळतात का, किती वर्षांनी कुरकुर सुरू होते. तिने शेवटी माझ्याकडे बघून हात जोडले. मग सोबत आलेल्या काकू पुढे झाल्या आणि यंत्र त्यांनी स्वतःच मालकांच्या कानात घातलं.

घरी आलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील. मालक घरात शिरलेच नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. मागच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली, ते दचकले. काका बायकोशी कशावरून तरी वाद घालत होते. वरच्या दुसऱ्या बिऱ्हाडातली पोरगी पाढे म्हणत होती आणि सात आठे तिला येत नव्हतं. कुणीतरी मोरीत कपडे आपटत होतं. आमची पोरगी झोळीत किरकिरायला लागली, आत्यांनी ओवी म्हणायला सुरुवात केली. आत्यांचा आवाज फाटका आहे. मालक मान ह्या दारावरून त्या दारावर फिरवत होते.

काकूंनी चहा आणला. "घ्या," त्या म्हणाल्या, तशाच हळू आवाजात, आणि मालकांनी न बघताच कपाला हात पुढे केला. मग तो तसाच हातात धरून त्यांनी विचारलं,

"अगं, किती माणसं राहतात ह्या घरात?"

"पंधरा," काकू म्हणाल्या. "चहा गार होतोय."